मुलींना तटस्थांच्या बाकावर कोणी बसवलं?

गेल्या हिवाळ्यात परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेचं स्नेहसंमेलन पाहिलं. शाळेचं नाव इथे देत नाही, कारण तिथे जे दिसलं ते कुठल्याही शाळेत दिसलं असतं. आठवी-नववीच्या मुलांनी स्वतः रचलेली एक नाटिका होती. नाटिकेतली शाळा मोठी गमतीची. तिथे अचाट शक्ती असलेली मुलं शिकतात. कोणी उडतो, कोणी भिंतीतून आरपार जातो, कोणाच्या डोळ्यांतून जाळ निघतो. वर्गात बाकांच्या तीन रांगा. पहिली नायकांची, दुसरी खलनायकांची आणि तिसरी तटस्थांची. नायक आणि खलनायक अर्धा तास एकमेकांना लोळवतात. शेवटी नायक जिंकतात, हेडमास्तर झालेला मुलगा त्यांच्या गळ्यात हार घालतो, टाळ्या पडतात.

तिसऱ्या रांगेत सात जणी बसल्या होत्या. सगळ्या मुलीच. शक्ती त्यांच्याकडेही होत्या, तसं सुरुवातीला सांगितलं होतं. एकीला दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येतं, एकीच्या हातानं जखम भरते. पण नाटिका संपेपर्यंत त्या शक्तींचा उपयोग एकदाच झाला, जखमी नायकाच्या दंडावर हात फिरवायला.

नाटिका बसवणाऱ्या सरांना मी विचारलं, "मुली तटस्थांतच का?" सर भले माणूस. त्यांनी सरळ सांगितलं, "अहो ताई, नायक केलं तर मारामारीत अंगाला हात लागतो, पालक बोलतात. खलनायक केलं तर वर्षभर पोरं त्याच नावानं चिडवतात. मग राहिलं काय? तटस्थ."

दुसऱ्या दिवशी त्याच मुलामुलींबरोबर आमचं सत्र होतं. मी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली आणि तुम्हाला एकच शक्ती मिळाली तर कोणती मागाल, ते नाव न घालता लिहायला सांगितलं. मुलांनी उडणं मागितलं, ताकद मागितली, एकानं शेतातल्या बोअरला पाणी लावण्याची शक्ती मागितली. मुलींच्या चिठ्ठ्यांत एक शब्द पुन्हा पुन्हा येत राहिला : अदृश्य. एका चिठ्ठीत तर हद्दही आखून दिली होती. एस.टी. स्टँडापासून शाळेच्या गेटापर्यंत कोणाला दिसू नये, एवढंच.

मैत्रिणींनो, ह्या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत. जिला नाटकात तटस्थांच्या बाकावर बसवलं जातं, तीच रस्त्यावर अदृश्य व्हायला बघते. म्हणून त्या तिसऱ्या बाकाविषयी बोललं पाहिजे.

कोणी म्हणेल, हे सगळं टीव्हीचं खूळ आहे. तसं असेलही. आमच्या पिढीनं १९९७ पासून दूरदर्शनवर 'शक्तिमान' पाहिला. गोल गोल फिरणारा तो, संकटात सापडणारी आणि बातमी लिहिणारी गीता विश्वास. परदेशात तर अशा शाळांच्या गोष्टींची परंपराच आहे. १९६३ साली अमेरिकेत 'एक्स-मेन' ही चित्रमालिका सुरू झाली. तिच्यातल्या शाळेच्या पहिल्या तुकडीत चार मुलगे आणि एक मुलगी होती. पुढे त्या मुलीची शक्ती सगळ्यांहून मोठी झाली. मग काय झालं? ती शक्ती तिला पेलत नाही असं ठरलं, तिची खलनायिका झाली, आणि १९८० साली लेखकांनी तिला मारून टाकलं. २००५ च्या 'स्काय हाय' ह्या सिनेमात तर पहिल्याच दिवशी मास्तर मुलांची वाटणी करतात : तू नायक, तू नायकाचा हरकाम्या. त्या गोष्टीतली खलनायिका कोण? ह्याच शाळेची जुनी विद्यार्थिनी. तिच्या बुद्धीला त्या काळी शक्ती म्हणून कोणी मोजलंच नव्हतं. खलनायिका शाळेनं स्वतःच्या हातानं घडवली.

पण टीव्ही-सिनेमाला दोष देऊन सुटका नाही. ह्याहून कितीतरी जुनी अशी शाळा आपल्या उशाशी आहे.

परभणीहून गंगाखेड-परळीकडे जाणाऱ्या रेल्वेवर पोखर्णी नृसिंह नावाचं स्टेशन आहे. गावात नृसिंहाचं जुनं मंदिर. कितीतरी घरांचं हे कुलदैवत. ह्या भागातल्या लेकरांना हिरण्यकशिपू आणि प्रल्हादाची गोष्ट शाळेत जायच्या आधीच पाठ असते. खांब फुटला, देव निघाला, उंबऱ्यावर संध्याकाळच्या वेळी राक्षसाचं पोट फाडलं. ह्या गोष्टीच्या मधोमध एक शाळा आहे, हे मात्र आपण विसरतो. भागवताच्या सातव्या स्कंधात ती सविस्तर येते. शुक्राचार्यांचे मुलगे शंड आणि अमर्क हे तिथले मास्तर. राक्षसांची मुलं तिथे शिकतात, त्यांच्यातच प्रल्हाद. मास्तर राजनीती शिकवतात, आणि त्याबरोबर आपला कोण नि परका कोण हे शिकवतात. प्रल्हादाला नेमकं तेच पटत नाही. मास्तर घरच्या कामाला गेले की तो सवंगड्यांना गोळा करतो आणि आपलं ज्ञान सांगतो. हे ज्ञान तुला आलं कुठून, असं मुलं त्याला विचारतात.

इथे त्याच्या आईचा प्रवेश होतो. कयाधू तिचं नाव. नवरा तपाला गेलेला असताना इंद्र तिला ओढून नेतो. पोटातलं मूल जन्मलं की मारायचं, असा देवांचा विचार असतो. नारद तिला सोडवतात आणि नवरा परत येईपर्यंत आपल्या आश्रमात ठेवतात. तिथे ती राहते, सेवा करते, शिकते. म्हणजे नारदाच्या शाळेत समोर बसलेली विद्यार्थिनी ती आहे. प्रल्हाद तिच्या पोटात आहे. पण प्रल्हाद सवंगड्यांना काय सांगतो? पुष्कळ काळ लोटला म्हणून, आणि ती बाई म्हणून, आईच्या मनातून ते ज्ञान नाहीसं झालं. मला मात्र ऋषींच्या कृपेनं आठवतं. त्याला लागूनच तो असंही म्हणतो की श्रद्धा असली तर बायकांना आणि मुलांनाही ते मिळू शकतं. म्हणजे दार बंद नाही. पण जी स्वतः त्या वर्गात बसली होती, तिच्या नावावर विसरणं तेवढं लिहिलं गेलं.

पोखर्णीला बायकांच्या एका बैठकीत मी विचारलं, "प्रल्हादाच्या आईचं नाव काय?" बापाचं नाव सगळ्यांना येत होतं. आत्येचंही येत होतं, कारण दर होळीला आपण तिला जाळतो. लोककथेतली होलिका म्हणजे आग न लागण्याची शक्ती असलेली बाई. ती शक्ती भावाच्या हुकमानं वापरली गेली, आणि तिच्या जळण्याचा सण झाला. आईचं नाव दोघींनाच येत होतं. एक आजी म्हणाल्या, "आईचं काय काम तिथं, बाई? लेकरू वाचलं, झालं."

मी देवाविरुद्ध बोलत नाही. गोष्ट कोण सांगतं, ह्याविषयी बोलते आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त हीच गोष्ट उलटी वाचली. त्यांच्या वाचनात नृसिंह कपटी आहे. मास्तराला हाताशी धरून तो एका कोवळ्या मुलाचं मन फिरवतो. बळीचंही तेच. एका पुराणात तो पाताळात घालण्याजोगा, आणि आपल्या आयाबाया दिवाळीत ओवाळताना त्याचंच राज्य मागतात. म्हणजे नायक कोण नि खलनायक कोण हे सांगणाऱ्याच्या जातीवर आणि जागेवर ठरतं, हे महाराष्ट्राला दीडशे वर्षं माहीत आहे. आजही शाळेत काही चोरीला गेलं, कोणा मुलीला चिठ्ठी आली, की आधी कोणत्या वस्तीतल्या पोराला उभं करतात ते आठवून पाहा. दुसऱ्या रांगेतली नावं पुष्कळदा आडनाव पाहूनच भरलेली असतात.

पण पहिल्या आणि दुसऱ्या रांगेची अदलाबदल झाली तरी तिसरी रांग जिथल्या तिथे राहते. शुक्राचार्यांचा आश्रम घ्या. ती तर दोन्ही पक्षांची शाळा. राक्षसांचे गुरू, आणि त्यांच्याकडे देवांचा माणूस कच शिकायला येतो, मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या मिळवायला. राक्षस त्याला मारतात, गुरूची मुलगी देवयानी हट्ट धरून त्याला जिवंत करवते. असं तीनदा होतं. शेवटी त्याची राख दारूतून गुरूच्याच पोटात जाते. मग पोटातल्या कचाला विद्या शिकवल्यावाचून गत्यंतर उरत नाही. ह्याच कथेवर खाडिलकरांनी १९१३ साली 'विद्याहरण' नाटक लिहिलं. शंभर वर्षं आपण समजत आलो की हरण झालं ते राक्षसांच्या विद्येचं. पण त्या घरात जन्मलेली, त्या विद्येसाठी तीनदा बापापुढे रडलेली देवयानी तिथेच उभी होती. शत्रूच्या मुलाला पोटात घेऊन शिकवणाऱ्या बापाला अंगणातली मुलगी विद्यार्थिनी वाटली नाही. तिच्या वाट्याला आलं प्रेम करणं, शाप देणं आणि शाप घेणं. पुढे शर्मिष्ठेशी भांडण झालं, एक विहिरीत पडली आणि दुसरी दासी झाली. मुलं विद्येसाठी भांडली, मुली लुगड्यावरून भांडल्या, अशी नोंद झाली.

तटस्थ ह्या शब्दाचा मूळ अर्थ काठावर उभा असलेला. पुरुष काठावर उभा राहतो तेव्हा तो पंच असतो. त्याचा निवाडा मानतात. बाईला काठावर उभं करतात तेव्हा तिच्या हातात दोघांचे कपडे देतात.

आता पुराणातून बाहेर येते. ह्याच जिल्ह्यातली, आमच्या कामात आलेली एक नववीची मुलगी. गाव, शाळा सांगत नाही. स्टँडापासून शाळेपर्यंत एक पोरगा रोज मोटारसायकलवर मागे येई. तिनं मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीनं बाईंना. बाई म्हणाल्या, "लक्ष देऊ नको, आपण बरं नि आपला अभ्यास बरा." दुसऱ्या सरांनी म्हटलं, शाळेच्या आवारात घडलं तर बघू. मग गावातले काही तरुण पुढे सरसावले. आमच्या गावच्या बहिणीला कोण त्रास देतो बघतो, म्हणाले. पोराला धरून बडवलं. त्याच्या बाजूचे जमले. दोन गट पडले. आठ दिवसांत तिचं नाव पारावर, पानटपरीवर, सगळ्यांच्या तोंडी. आणि बडवणाऱ्यांपैकी एकानं उपकाराची परतफेड म्हणून तिच्याकडे फोन नंबर मागितला. खलनायक मागे यायचा, नायकही मागे यायला लागला. तिच्या दृष्टीनं रस्ता तोच होता.

दोन महिन्यांत सोयरीक ठरली. वडील वाईट नव्हते. म्हणाले, "जिवाला घोर नको म्हणून उरकायलाव ताई. पोरीच्या नावाला डाग लागल्यावर कोण करील?" आम्ही १०९८ वर कळवलं, माणसं आली, लग्न त्या दिवशी थांबलं. तिची शाळा मात्र पुन्हा सुरू झाली नाही. ते दोन्ही पोरगे पुढच्या वर्षी परीक्षेला बसले.

ह्या साऱ्यात मला सर्वात जास्त राग कोणाचा आला, ते सांगते. मागे येणाऱ्याचा आला, बडवून नंबर मागणाऱ्याचा आला. पण त्या दोघांना पाहत, पुस्तक बंद करून, "आपण कशात नाही" म्हणणाऱ्या शिक्षकांचा आणि गावाचा जास्त आला. तिसऱ्या बाकावर मुली बसवल्या जातात. मोठी माणसं तिथे आपण होऊन बसतात, आणि त्याला शहाणपण म्हणतात. बलवान आणि दुबळी ह्यांच्यामधला तटस्थ हा बलवानाचाच माणूस असतो. त्याला काहीही करावं लागत नाही, आणि त्याच्या त्या काही न करण्यावरच दुसऱ्याचं सगळं चालतं.

हे फक्त आम्हा चळवळीतल्या बायांचं म्हणणं नाही. कायद्यानंही तटस्थपणा गुन्हा ठरवला आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात लहान मुलीचा वारंवार पाठलाग करणं, लैंगिक हेतूनं तिच्यावर पाळत ठेवणं हा लैंगिक छळ आहे. असा गुन्हा झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. "लक्ष देऊ नको" म्हणणाऱ्या बाईंना हे ठाऊक होतं का? २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात लग्न लावणाऱ्यालाच नव्हे, अशा लग्नात सहभागी होणाऱ्यालाही शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत. म्हणजे पंगतीत बसून बुंदी खाणारा पाहुणाही तटस्थ नाही. आणि पंगती उठतच आहेत. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के होतं. जवळजवळ निम्म्या. ह्याला ऊसतोडीची उचल कारण आहे, कारण मुकादम जोडप्याला उचल देतो आणि लग्न लावलं की एक कोयता तयार होतो. दुष्काळ, हुंडा कारण आहे. पण आईबापांना विचारा, पहिलं उत्तर येतं ते रस्त्याचंच : पोरगी वयात आली, जायचं-यायचं कसं?

मग उपाय काय? दोन उपाय नेहमी पुढे येतात. पहिला, मुलांची संरक्षण पथकं. म्हणजे नायकांची भरती वाढवा. ह्यानं काय होतं ते वर सांगितलं. राखण करणाऱ्याला आपण मालक आहोत असं वाटायला वेळ लागत नाही. दुसरा, मुलींना कराटे शिकवा. जरूर शिकवा, मुली आनंदानं शिकतात, अंग मोकळं होतं. पण कराटे शिकवून संस्थेनं हात झटकले, तर त्याचा अर्थ एवढाच होतो की रस्ता आहे तसाच राहील, आता तुझं तू बघ. अदृश्य होणं जमलं नाही तर नायक हो. साधी मुलगी म्हणून, दिसत, चालत, शाळेत जाण्याची सोय ह्या दोन्हींत कुठेच नाही.

आमच्या मागण्या अगदी साध्या आहेत, त्यांत अचाट काही नाही. राज्य सरकारनं मार्च २०२२ मध्ये प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती नेमायचा निर्णय काढला. ती कागदावर नको. तिच्या सदस्यांची नावं मुलींना दिसतील अशी भिंतीवर लावा, बैठकीत मुलींना बोलू द्या, आणि आलेल्या तक्रारीचं काय झालं ते तक्रार करणारीला सांगा. मुलींचा मोफत पास आहे, मानव विकासची निळी गाडी आहे. पण गाडी शाळा सुटल्यावर तासाभरानं येत असेल तर तो तास मुलींनी कुठे काढायचा? वेळापत्रक शाळेला विचारून करा. आईबाप ऊसतोडीला जातात तेव्हा मुलींना हंगामी वसतिगृह गावातच मिळालं पाहिजे, दिवाळीनंतर लगेच, फेब्रुवारीत नव्हे. आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक गोष्ट स्पष्ट सांगा : मुलगी बोलली त्या क्षणापासून तुम्ही तटस्थ नाही.

आणि स्नेहसंमेलनात ती तिसरी रांग मोडा. मुलींना खलनायक होऊ द्या, नायक होऊ द्या, चुकू द्या, हरू द्या, विनोदी होऊ द्या. चिडवणाऱ्या पोरांना आवरणं हे सरांचं काम आहे, त्यासाठी मुलीची भूमिका कापायची नसते.

शक्तीची खरी शाळा महाराष्ट्रानं पाहिलेली आहे. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात ती भरली. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण पडत होतं, आणि त्या शिकवत होत्या. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मांग समाजातल्या मुक्ताबाईनं १८५५ साली निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदया'त छापून आला. आपल्या माणसांचं दुःख काय आहे, ते कोणी दिलं, हे त्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीनं नावं घेऊन विचारलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये पुराणातल्या देवादिकांनाही जाब विचारायला कमी केलं नाही. ह्या बायकांना उडता येत नव्हतं. त्यांनी काठावर उभं राहायला नकार दिला, एवढंच.

पोखर्णीच्या त्या बैठकीत मी कयाधूची गोष्ट पुरी सांगितली. ती आश्रमात होती, ती शिकली, आणि बाई होती म्हणून विसरली असं पुढे सांगितलं गेलं. बायका थोडा वेळ गप्प बसल्या. मग मघाशी बोललेल्या त्याच आजी म्हणाल्या, "इसरली नसंल ती. तिला कुणी इचारलंच नसंल."

विचारायला सुरुवात आपण करू या. आपल्या गावच्या शाळेत ह्या आठवड्यात जा, सखी सावित्री समितीत कोण आहे ते विचारा, आणि शाळा सुटल्यावर मुलींबरोबर स्टँडापर्यंत चालत या.